चार भिंती ओलांडून मायफळ

आत्याबाई,

आज मी तुमची घुटीची फळी सखूबाईंच्या अंगणात चार बायकांसमोर उन्हात मांडली. तुम्ही ती कधी कोणाला पदराबाहेर दिसू दिली नाही. बाळंतिणीच्या खोलीत नेताना पदराखाली, आणतानाही पदराखाली. ते माझ्या हातून मोडलं. घरी येऊन भाकरी थापायला बसले तर भाकरी तव्यावर नीट पडेना. पीठ तसंच झाकून ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. तुमचे चिरंजीव शेतातून यायला अजून वेळ आहे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तुम्हाला लिहायचं धाडस होतं आहे. तुम्ही समोर असता तर मी चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत बसले असते आणि तुम्ही म्हणाल्या असत्या, "तुळशे, तोंडात गुळनी धरली काय वो? बोल ना." मी बोलले नसतेच. इतकी वर्षं एका चुलीपाशी बसलो, पण बोलायच्या ते तुम्हीच.

मी सून म्हणून आले तेव्हा मला सगळ्याच माणसांचं भय वाटे. विहिरीवर कोणी हसलं तर वाटे माझ्यावरच हसलं. चौथी पास झाले होते, गावात तेवढी शिकलेली सून दुसरी नव्हती, त्याचीही लाजच वाटे. तुम्ही हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मला घुटीच्या कामाला लावलं. बाळंतिणीच्या खोलीत अंधार असतो, दाराला घोंगडी लावलेली असते, ओव्याशेपाची धुरी असते. तिथं कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही. माझ्यासारखीला तीच जागा बरी, असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. मी विचारलंही नाही.

फळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तो एखादा खेळ वाटला होता. सागवानाची हातभर लांब फळी, तिच्यात एका ओळीत कोरलेले खळगे, सगळे सारखे. तुम्ही खळग्याला घर म्हणायच्या. प्रत्येक घरात घुटीचं एकेक औषध. वेखंड, हळकुंड, हिरडा, काकडशिंगी, मायफळ, जायफळ, मुरडशेंग, ज्येष्ठमध, शेवटी खारीक आणि बदाम. सहाणेवर आईच्या दुधात घासून घासून सगळी झिजलेली, बोथट झालेली. कुठल्याच घरावर नाव नाही, खूण नाही. सगळ्यांना मिळून एकच वास, वेखंडाचा. मी विचारलं, वळखाचं कसं? तुम्ही फळी माझ्या मांडीवर ठेवली.

"डोये मीट. डावा आंगठा कडेले टेकव, पयल्या घरात. काय हाये?"

"वेखंड."

"किती भिंती वलांडल्या?"

"एकबी नाही."

"मंग वेखंड म्हंजे बिनभिंतीचं. आता नखानं चाचप. एक भिंत वलांड. काय लागलं?"

"हळकुंड."

"दोन भिंती वलांडून?"

"हिरडा."

"हां. घरं नको मोजू, भिंती मोज. मंधातल्या घरात बोट घालाचं नाही. नख वरूनच जाऊ दे, अन् जे पायजे त्याच घरात उतर. चार भिंती वलांडून मायफळ, पाच वलांडून जायफळ. समजलं?"

समजलं होतं, पण पटलं नव्हतं. आयुष्यात तुमच्याशी मी जो एकमेव वाद घातला तो हाच. शाळेत पहिल्याला एक म्हणतात, दुसऱ्याला दोन. वेखंड पहिलं असेल तर त्याला एक म्हणायला हवं, मायफळ पाचवं. तुमच्या हिशेबात पहिल्याला काहीच नाही, आणि पाचव्याला चार! मी खालमानेनं तसं म्हटलं. तुम्ही रागावला नाहीत, हसलात.

"म्हन ना पयलं. कोन नाही म्हनते? पन तथी जायले चालाचं किती? ज्या घरी तू उभीच हायेस, तथी जायले पाऊल लागते काय?"

मग मलेरियाचे फवारावाले गावात आले. घराघरांत औषध मारून दारापाशी भिंतीवर काळ्या रंगानं आकडा लिहून गेले. पाटलाच्या घरावर एक, तिथून ओळीनं, आपल्या दारावर सात. मला वाटलं, आता मी जिंकले. तुम्हाला दारात नेऊन आकडा दाखवला. "पाहा, सरकारनंबी पयल्याले एकच म्हनलं."

तुम्ही कमरेवर हात ठेवून गल्लीकडे पाहिलं. "बरं. मंग पाटलाच्या दारातून आपल्या दारी यायले त्यायले सात घरं चालावं लागलं काय?"

मी मनात चालून पाहिलं. सहाच. पण मी तसं कबूल केलं नाही, तव्यावरचं काही जळतं आहे म्हणून आत पळाले. तो वाद तिथंच राहिला. तुमच्या हिशेबात खोट नव्हती हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आत्याबाई. सांगायचं राहून गेलं.

नावांचं मात्र मला अजून कळत नाही. मी म्हटलं होतं, कोळशानं प्रत्येक घराखाली नाव लिहिते. तुम्ही म्हणाल्या, "लिह्यजो. खोलीतल्या अंधारात वाचशीन कशानं? अन् मले त वाचताच येत नाही. मंग मी काय तुह्या मांगं मांगं इचारत फिरू, माय, मायफळ कोनतं, जायफळ कोनतं?" आज वाटतं, लिहिलं असतं तर हे झालं नसतं. आणि लगेच वाटतं, तुमचं सगळ्यांनी ऐकलं असतं तरीही झालं नसतं.

कारण तुम्ही ते सांगून ठेवलं होतं. गेल्या पावसाळ्यात काकडशिंगी संपली. वाशीमच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणायची होती, नाल्याला पूर म्हणून कोणाचं जाणं होईना, आणि पूर ओसरल्यावरही ते राहूनच गेलं. मला ते रिकामं घर दातांतल्या फटीसारखं दिसे. एक दिवस मी मायफळ उचलून तिथं ठेवायला गेले, तशी तुम्ही माझ्या हातावर चापट मारली. खरीच मारली. इतक्या वर्षांत एकदाच.

"खाली राहू दे! संपलं त संपलं, घर त्याचंच हाये. एक सरकवलं का मांगचं सगयं सरकते. मंग उद्या तुहं नख चार भिंती वलांडन अन् लेकराच्या तोंडात काय जाईन थे देवाले ठाऊक."

मायफळ आणि जायफळ झिजली की हाताला सारखीच लागतात, हे तुम्ही मला आधीच दाखवलं होतं. मायफळ हगवणीवर, लेकराच्या बेतानं सहाणेवर दोन-तीन वेढे चालतात. जायफळ अर्धा वेढा, तोही हलक्या हातानं. "जास्त झालं त लेकरू झोपते," तुम्ही म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, झोपलं तर बरंच ना. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की पुढे विचारवेना.

तुमच्या शेवटच्या दिवसांत मी बाजेपाशी बसले होते. तुमचा डावा अंगठा बाजेच्या काठाला टेकलेला होता आणि मधलं बोट सुंभाच्या एकेका पिळावरून हळू चालत होतं. नणंदबाई म्हणाल्या, आई जप करते आहे. मला माहीत होतं तुम्ही काय मोजत होत्या. मधेच डोळे उघडून तुम्ही म्हणालात, "फळी तुळशीले." नणंदबाईंच्या समोर म्हणालात. त्यांच्या पदरी लेकरं आहेत, त्या धनजला भरल्या घरात नांदतात, आणि तुम्ही फळी मला दिली. मला, जिची कूस उजवली नाही. त्या क्षणी मला आनंद झाला नाही, आत्याबाई. तुमचा हात धरून मला ही नको म्हणायचं होतं. तुम्ही डोळे मिटले आणि तेही राहून गेलं.

तेरावं झालं. सुतकाचं घर धुवायचं म्हणून नणंदबाईंनी लुगडं खोचलं आणि रडत रडत कोपरा न् कोपरा स्वच्छ केला. भिंती सारवल्या, डबे घासले, तुमचं अंथरूण उन्हात टाकलं. निघताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "आईच्या फळीवर धूळ बसली होती वो वहिनी. सगयं काढून पुसलं, नीट लावून ठेवलं. जपजो." मी मान हलवली. मला ते चांगलंच वाटलं. फळीला हात लावायचा धीर मला झाला नव्हता, तो त्यांना झाला, इतकंच मनात आलं. फडक्यात गुंडाळलेली फळी मी उघडूनही पाहिली नाही. ती उघडली की तुम्ही नाहीत हे पक्कं होईल असं वाटे.

आज सकाळी सखूबाई दारात आल्या. त्यांच्या सुनेची, रुखमीची पोरगी आता कुठं सव्वा महिन्याची होते आहे. कालपासून हगवण.

"तुळशे, चाल माय. पोरगी सुकून गेली. तुही सासू असती त तुले बोलावलं नसतं, आता कोन हाये?" आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून, "तुले येते ना पन? का नुसतीच सहाण धुवत होती सासूच्या मांगं?"

मी येते असंही म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. फळी पदराखाली घेतली आणि त्यांच्या मागे चालू लागले. गल्लीतून जाताना कोणीतरी ओट्यावरून म्हणालं, "आता हे देनार काय घुटी? जिच्या घरी पाळना हलला नाही थे?" सखूबाईंनी ऐकलं. त्यांनी पाऊल तेवढं भरभर टाकलं. त्यांनाही तेच वाटत होतं, हे मला त्यांच्या पाठीकडे पाहून कळलं. मला वाटलं, पोरीला काही झालं तर गाव म्हणेल, हिच्या हाताचा गुण. आणि त्यांचं खरं असलं तर? मुकाट्यानं चालताना माणूस स्वतःविषयी काय काय खरं मानायला लागतो.

खोलीत तुमच्या वेळेसारखाच अंधार होता. रुखमी बाजेवर होती, पोरगी तिच्या कुशीत. रडतही नव्हती, नुसती कण्हत होती. मी सहाण पुढ्यात घेतली. रुखमीनं शिंपल्यात दूध काढून दिलं. मी डावा अंगठा फळीच्या कडेला टेकवला. बिनभिंतीचं वेखंड लागलं, त्याचा एक वेढा घासला. मग नख चालवलं. एक, दोन, तीन, चार. चार भिंती ओलांडल्या आणि मायफळाच्या घरात उतरले. तुम्ही शिकवलं तसंच केलं, आत्याबाई. मधल्या कुठल्याही घरात बोट घातलं नाही. घातलं असतं तर काकडशिंगीच्या रिकाम्या घरात काहीतरी आहे हे तिथंच कळलं असतं. तुमचा धडा मी अगदी चोख पाळला, आणि म्हणूनच मला काही कळलं नाही.

पहिला वेढा घासला. दुसरा घासला. मायफळ सहाणेवर करकरतं, खडबडीत जातं. हे गुळगुळीत चाललं होतं, तेल लावल्यासारखं. मी थांबले. मग वाटलं, दूध जास्त झालं असेल. तिसरा वेढा घासला. तो तर बोटाखालून सटकलाच. वास घेऊन पाहिला, तर धुरीचा आणि वेखंडाचा. मी सहाणेकडे पाहत राहिले.

"अवं, झालं काय?" सखूबाई. "दे ना लवकर. पोरीचा जीव जाऊन राह्यला अन् हे बसली सहाणीकळे पाहत."

शिंपला भरलेला होता. सखूबाईंनी पोरगी मांडीवर घेऊन तिचं तोंड उघडून धरलं होतं. मला फक्त हात पुढे करायचा होता. आत्याबाई, खरं सांगते, तो हात पुढे करणं मला सोपं होतं. थांबा म्हणणं अवघड होतं. थांबा म्हटलं की सगळ्या माझ्याकडे पाहणार, काहून म्हणून विचारणार, आणि मला सांगता यायचं नाही. मला नुसतं वाटत होतं, माहीत काहीच नव्हतं. तेवढ्यात सखूबाईंनीच शिंपला उचलून पोरीच्या ओठाशी नेला. तिच्या वरच्या ओठावर दुधाचा फोड होता, लहान पोरांना चोखून चोखून येतो तसा. तो मला त्या अंधारातही दिसला.

"थांबा."

माझाच आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. सखूबाईही दचकल्या. मी शिंपला त्यांच्या हातून ओढून घेतला आणि कोपऱ्यातल्या मोरीत उपडा केला.

"फेकली?" सखूबाई ओरडल्या. "घासलेली घुटी फेकली? दुधातली? माय माय माय! अशी अवदसा पाह्यली नाही! तुही सासू असती त तिनं तुले…"

पुढचं मी ऐकलं नाही. फळी उचलली, दाराची घोंगडी बाजूला केली आणि अंगणात आले. आरडाओरडा ऐकून शेजारच्या बायका आधीच जमल्या होत्या. पदर कुठं होता कुणास ठाऊक. मी तुळशीच्या ओट्यावर फळी ठेवली आणि उन्हात पहिल्यांदाच ती नीट पाहिली.

ओळीत कुठंही फट नव्हती. वेखंड, हळकुंड, हिरडा, आणि त्याला लागून पुढचं घरही भरलेलं. रिकामं होतं ते शेवटचं, बदामाच्या पलीकडे जाऊन बसलेलं. नणंदबाईंनी रडत रडत, किती मायेनं, तुमच्या फळीतली फट भरून काढली होती. मायफळ काकडशिंगीच्या घरात, जायफळ मायफळाच्या घरात, आणि तिथून शेवटपर्यंत सगळी बिऱ्हाडं एकेक घर अलीकडे आलेली.

मी चौथ्या भिंतीपलीकडचं फळ उचलून उन्हात धरलं. घासलेल्या बाजूला बारीक तपकिरी रेघा होत्या, लाकडात असतात तशा. जायफळ. त्याच्या अलीकडच्याला किड्यानं पाडलेलं भोक होतं, ते मायफळ. अंधारात हे दिसलं नसतं. तीन वेढे जायफळ, आत्याबाई. हगवणीनं सुकलेल्या, सव्वा महिन्याच्या पोरीला.

मी ओट्यापाशी खालीच बसले. "मायफळ समजून जायफळ घासलं," मी म्हटलं, आतल्या रुखमीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बायका काय काय बोलत होत्या. "देवीबिवी आली काय इच्या आंगात?" "नाही वो, भेली." कोणीतरी हसलंही. मी एकेक औषध त्याच्या घरी न्यायला लागले. अलीकडून सुरू केलं तर दोन दोन एका घरात येतात, म्हणून पलीकडच्या टोकाकडून सुरू करावं लागलं. आधी बदाम शेवटच्या घरात, मग खारीक त्याच्या मागे, मग ज्येष्ठमध, तसं करत करत जायफळ आणि सगळ्यात शेवटी मायफळ. काकडशिंगीचं घर पुन्हा रिकामं झालं. ते रिकामं पाहून मला जेवढं रडू आलं तेवढं तुमच्या दहाव्यालाही आलं नव्हतं.

सखूबाई दारात उभ्या होत्या. "झाली पूजा मांडून? आता मी पोरीले मेडशीच्या दवाखान्यात नेतो, कोनालेबी दाखवतो, पन तुह्या हातचं…"

"आत्याबाई," आतून रुखमी बोलली. तीही सासूला आत्याबाईच म्हणते. बाळंतीण इतक्या मोठ्यानं बोलत नाही. "त्यायलेच देऊ द्या."

"काहून? पाह्यलं ना तू काय केलं इनं?"

"चुकलं थे त्यायनं सांगतलं ना. दुसरीनं पाजलं असतं मुकाट्यानं."

सखूबाई घोंगडी बाजूला धरून उभ्या राहिल्या.

मी पुन्हा सहाण धुतली. अंगठा टेकवला. या खेपेला प्रत्येक घरात बोट घातलं, तुमचा धडा मोडला, तिसऱ्या भिंतीपलीकडे रिकामं लागलं तेव्हा जरा श्वास आला. मायफळ करकरलं. त्याचा तो आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता. रुखमीनं मांडीवर घेतलं, मी बोटानं चाटवलं. पोरीनं तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि जराशानं झोपली.

झोपली.

बरोबरच होतं सगळं. माझ्या डोळ्यांनी उन्हात पाहिलेलं मायफळ होतं. तरी पोरगी झोपली आणि मला दरदरून घाम फुटला. सहाणेत आधीच्या जायफळाचा अंश राहिला असेल तर? मी नीट धुतली का? सखूबाई म्हणाल्या, "जाय आता घरी, तुहीबी चूल असन." मला उठवेना. मी पोरीच्या छातीकडे पाहत बसले. ती हलताना दिसली की दुसऱ्यांदा हलते की नाही याची वाट पाहायची, मग तिसऱ्यांदा. उठले आणि माझ्या पाठीमागे ती हलायची थांबली तर?

सखूबाईंनी चहा आणून समोर ठेवला. आवाज जरा उतरला होता. "घे. रागात बोलली मी. काय बसली अशी?"

मी मान हलवली.

"तुही सासूबी अशीच," सखूबाई म्हणाल्या. "एकडाव घुटी देल्ली का इथून हालेचना. लेकरू उठेपर्यंत अथीच. चा देल्ली त थंडी होऊन जाये, पेत नोती."

मी विचारलं, "गप्पा मारत बसे ना?" त्यांच्याशी आपणहून बोललेलं हे माझं पहिलंच वाक्य असेल.

"कायच्या गप्पा वो! लेकराच्या तोंडाकडे पाहत बसे, अशी, तू बसली ना अश्शीच. मी म्हनो, भीमाबाई, कायले बसता? त म्हने, पाय दुखून राह्यले."

आत्याबाई, तुम्ही घुटी द्यायला गेलात की दुपार कलेपर्यंत परत येत नव्हत्या. इथं मी एकटी दळण, पाणी, गुरांचं सगळं करत असे. तुमचे चिरंजीव म्हणत, आई बसली असन गप्पा मारत. मीही तसंच धरून चालले. मनात धुसफुसत राहिले, आणि एकदा, एकदाच, म्हटलं, "घुटी द्यायले इतका वेळ लागते काय?" तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणालात, "चा पेली. गोठी झाल्या." आणि माझ्या हातातलं जातं तुम्ही ओढायला घेतलं.

तुम्ही भीत होतात. दर वेळेस. इतकी लेकरं तुमच्या हाताखालून गेली, अंधारात तुमचं नख कधी चुकलं नाही, तरी प्रत्येक लेकरू डोळे उघडेपर्यंत तुम्ही भिंतीला टेकून बसायच्या आणि चहा निवून जायचा. मला वाटत होतं, ही भीती मला आहे कारण मी अशी आहे, भित्री, बिनलेकराची, चौथी शिकून काही न समजणारी. तुमच्याकडे ती नसावी म्हणून तर मी तुमच्या पदरामागे लपत होते. तुम्ही मला का सांगितलं नाहीत? सांगितलं असतं तर मी फळी घेतली नसती, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून? का तुम्हालाही ते बोलता येत नव्हतं? आपल्या घरात बोलणारी एकच, असं मी समजत होते. आता वाटतं, एकही नव्हती.

पोरगी ऊन भिंतीवर चढल्यावर उठली. आधी हात ताणला, मग तोंड लाल केलं आणि रडली. सकाळचं कण्हणं नव्हे, खणखणीत, भुकेचं. रुखमीनं तिला छातीशी घेतलं आणि ती मुसमुसत ओढायला लागली. मी तोंडावर पदर घेतला. सखूबाई मोरीकडे तोंड करून भांडं घासत राहिल्या. हगवण थांबली असं नाही, सकाळपर्यंत पाहावं लागेल. दुपारून एकदा झाली, पण घट्ट होती.

घरी येताना अंगणातला एक पांढरा खडा उचलला आणि धुऊन काकडशिंगीच्या घरात ठेवला. घर खाली ठेवायचं, हे तुमचं खरं. पण खाली दिसलं की माणसाचा हात शिवशिवतो, माझा शिवशिवला, नणंदबाईंचा शिवशिवला. आता तिथं बोट गेलं तर खडा लागेल. औषध नाही आणि कोणी सरकवायचंही नाही, दोन्ही कळेल. नणंदबाईंना मी यातलं काही कळवणार नाही. तुम्हाला हा खडा चालला असता की नाही, ठाऊक नाही. त्यावरूनही आपण वाद घातला असता, आणि मला वाटतं, या खेपेला मी आत पळून गेले नसते.

अंगणात पावलं वाजली आहेत, तुमचे चिरंजीव आले. भाकरी अजून व्हायच्या आहेत.

सखूबाईंनी उद्या सकाळी पुन्हा बोलावलं आहे. मला आत्तापासून धडकी भरली आहे. जाईन. घुटी दिल्यावर सखूबाई चहा आणतील, तर नको म्हणणार नाही. समोर ठेवून घेईन, आणि थंड होऊ देईन.